पाक विदाग्दोंचा गुरुत्वमध्य

गटार उपसणाऱ्या माणसाने मुकाट्याने गटार उपसावं, शास्त्र सांगू नये. पाक विदाग्दोंनी ते सांगितलं आणि पुढचे तीन आठवडे त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

जावा बेटावरच्या सालातिगात पुरुषाला आदराने पाक म्हणतात आणि बाईला बू. तिथल्या तीन नंबरच्या आळीत त्या रविवारी सकाळी श्रमदान होतं. ऑगस्ट जवळ आला की गटारं साफ होतात, कुंपणांना चुना लागतो, आणि मग कोणीतरी उसासा टाकून पोफळीचा विषय काढतो. सतरा ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यदिनी, मैदानात पोफळीचं पंचवीस फुटी खोड पुरायचं, त्याला जळकं वंगण फासायचं, वर बांबूच्या चक्राला बक्षिसं टांगायची, आणि एकेका आळीच्या सात जणांनी एकमेकांच्या खांद्यावर चढून ती काढायची. गेली पाच वर्षं तीन नंबरची आळी चौथा थर लागायच्या आत चिखलात पडत होती आणि चार नंबरची आळी सायकल घेऊन घरी जात होती. शिवाय जाताना ते तिची घंटीही वाजवत.

"यंदाही मीच खाली उभा राहणार," बाक्सोची, म्हणजे मटणाच्या गोळ्यांच्या रश्श्याची, गाडी लावणारे पाक गिमान घमेलं खाली ठेवून म्हणाले. त्यांचं वजन एकशे चार किलो, त्यामुळे ते कुठे उभे राहणार याविषयी आळीत कधीच चर्चा झाली नव्हती. "पण खांद्यात आता दम नाही हो."

इथे पाक विदाग्दोंनी गप्प बसायला हवं होतं. पण ते शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात खेळाडूच्या हालचालींचं शास्त्र शिकवत. धावणाऱ्याचा गुडघा, उडी मारणाऱ्याची टाच, भाला फेकणाऱ्याचं कोपर, सगळं त्यांना बाणांनी आणि आकड्यांनी पाठ होतं. स्वतः ते आयुष्यात कधी धावले नव्हते, बस पकडायलासुद्धा नाही. असा माणूस समोर चूक दिसली की गप्प राहू शकत नाही, तो त्याच्या जिभेचा आजार असतो.

"दमाचा प्रश्न नाही, पाक गिमान," ते म्हणाले, आणि गटारातल्या काठीने त्यांनी रस्त्यावर चिखलाचा माणूस काढला. "वरचा माणूस तुमच्या खांद्याच्या टोकावर पाय देतो. खांदा म्हणजे तरफ. टोकावर भार दिला की ती खाली दबणारच. पाय मानेलगत ठेवायला सांगा. भुजा आखूड, भार सुसह्य."

लोक जमले. पाक विदाग्दोंना चेव आला. प्रत्येकाचा गुरुत्वमध्य पायाखालच्या आधाराच्या आत राहिला तर माणूस उभा राहतो, बाहेर गेला तर पडतो. खालच्यांनी पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून उभं राहावं. मधल्यांनी खोडाला पोट चिकटवावं. आणि वर जाल तसा माणूस हलका हवा, कारण वरचा एक इंच डुलला की खालचे सगळे हेलपाटतात.

"मग सर्वांत वर कोण?" पाक सिरेगारांनी विचारलं.

पाक सिरेगार म्हणजे आळीचे प्रमुख. तीस वर्षांपूर्वी सुमात्राहून इथे आले, बस आगारातून निवृत्त झाले, पण आवाज अजून सुटणाऱ्या बसला थांबवण्याचाच होता.

"जो सर्वांत हलका असेल तो," पाक विदाग्दो म्हणाले. "त्यात मताचा प्रश्नच नाही. वजन करा."

वजन करा म्हटल्यावर तांदळाच्या दुकानवाल्या बू पार्तींनी पोत्यांचा काटा बाहेर आणला आणि काट्याबरोबर स्वतःही आल्या. एकेक जण काट्यावर चढला. वीजमंडळातला तेगुह एक्कावन्न किलो भरला तेव्हा टाळ्या झाल्या. "शास्त्र सांगणाऱ्यानेही चढावं की," बू पार्ती म्हणाल्या. पाक विदाग्दो हसत चढले. काटा अठ्ठेचाळीसवर येऊन थांबला.

"ठरलं!" पाक सिरेगार गरजले. "सर्वांत वर पाक विदाग्दो!"

पाक विदाग्दो काट्यावरून उतरले. एक गोष्ट त्या आळीत कोणालाही ठाऊक नव्हती, आणि ती ठाऊक होऊ नये म्हणून त्यांनी अर्धं आयुष्य खर्च केलं होतं. त्यांना उंचीची भीती वाटत असे. साधीसुधी नव्हे. घरातले दिवे त्यांची बायको मुर्नी स्टुलावर चढून बदलत असे आणि ते खाली स्टूल धरून डोळे मिटत. कॉलेजात विभागप्रमुखाची खोली तिसऱ्या मजल्यावर मिळाली तेव्हा विद्यार्थ्यांच्या जवळ राहायचं आहे असं सांगून ते तळमजल्यावरच राहिले, आणि त्या वर्षी त्यांचा आदर्श शिक्षक म्हणून सत्कार झाला. सत्कार गच्चीवर असल्यामुळे त्यांना ऐन वेळी ताप आला होता.

आता त्यांनी जे केलं ते कोणत्याही जावानी माणसाने केलं असतं. मान जराशी खाली घालून, हात जोडल्यासारखे करून ते हसले. असं हसणं म्हणजे स्वच्छ नकार, हे तिथे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. तोंडाने नाही म्हणणं हा तर उद्धटपणा झाला. पाक गिमान चटकन दुसरीकडे बघू लागले, बू पार्तींनी काटा पुसायला घेतला. समजलं सगळ्यांना. समजलं नाही ते फक्त पाक सिरेगारांना, कारण त्यांच्या मुलखात ज्याला नको असेल तो टेबलावर मूठ आपटून नको म्हणतो.

"बघा, किती आनंद झालाय त्यांना!" ते म्हणाले.

घरी मुर्नीने सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा पेला पुढे ठेवला. "अहो, मग जा आणि सांगा, मला भीती वाटते म्हणून. एक वाक्य आहे."

"अगं, मी हालचालींचा प्राध्यापक! माझे विद्यार्थी बांबूच्या टोकावरून उड्या मारतात!"

"ते मारतात. तुम्हाला कोण मारायला सांगतंय?"

तरी ते गेले. एकदा नाही, तीनदा. पण एखाद्याच्या घरी जाऊन थेट मुद्द्याला हात घालणं त्यांना जन्मात जमलं नसतं. आधी पावसाविषयी बोलावं लागतं, मग मेरबाबू डोंगरावरच्या ढगांविषयी, मग पाक सिरेगारांच्या धाकट्या मुलीच्या परीक्षेविषयी. मग चहा, मग तळलेली केळी. केळी संपत आली की आता सांगू असं म्हणत ते घसा खाकरत, तेवढ्यात पाक सिरेगार त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "तुम्ही सारखे येता, फार जोश आलाय तुम्हाला!" आणि उरलेली केळी कागदात बांधून हातात देत. तीन भेटींत त्यांनी एकवीस केळी घरी आणली आणि वाक्य तसंच परत आणलं.

तेव्हा त्यांनी शास्त्राचाच आसरा घेतला. तेगुहपेक्षा आपण जड झालो की प्रश्नच मिटला. चारच किलो हवे होते. सकाळी नारळाच्या दुधातला भात, दुपारी फणसाची भाजी दोन वाट्या, संध्याकाळी पुन्हा भात. ही बातमी, अर्थात अर्धवट, पाक गिमानांना लागली आणि आपल्या वरच्या माणसाला ताकद यावी म्हणून ते रोज एक मोठा वाडगा बाक्सो फुकट आणून देऊ लागले. बू पार्तींनी हळदीचा आणि चिंचेचा काढा पाठवला, तो भूक वाढवतो म्हणून. पाक विदाग्दो डोळ्यांत पाणी येईपर्यंत जेवत. आठव्या दिवशी ते पुन्हा पोत्यांच्या काट्यावर चढले. सत्तेचाळीस.

"एक किलो उतरवलंसुद्धा!" बू पार्ती कौतुकाने म्हणाल्या. "याला म्हणतात तयारी!"

भीतीने खाल्लेलं अंगी लागत नाही, हे त्यांच्या विषयाच्या कोणत्याही पुस्तकात दिलेलं नव्हतं.

मग वॉर्ड ऑफिसातून कागद आला. खोड पुरायला परवानगी हवी असेल तर सुरक्षिततेचा अहवाल जोडा, तज्ज्ञाच्या सहीने. वाचून पाक विदाग्दोंना जरा धीर आला. आळीत तज्ज्ञ एकच होता. त्यांनी दोन दिवस बसून चौदा पानी अहवाल लिहिला आणि त्यात कसलीही भीडभाड ठेवली नाही. पंचवीस फुटांवरून सुटलेला माणूस सव्वा सेकंदात जमिनीला लागतो. त्या क्षणी त्याचा वेग ताशी चव्वेचाळीस किलोमीटर असतो. गुडघे ताठ ठेवून पडला तर थांबायला वेळ मिळत नाही, म्हणून धक्का हाडांवर येतो. गुडघे वाकवले तर थांबण्याचा वेळ वाढतो आणि धक्का कमी होतो, पण भ्यालेला माणूस गुडघे वाकवत नाही, ताठरतो. हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर ते उठले आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. चव्वेचाळीस हा आकडा त्यानंतर त्यांना मोटारसायकलच्या पाटीवर दिसे, घराच्या दारावर दिसे, एकदा तर तो त्यांना जेवणाच्या ताटात मोजलेल्या शेंगदाण्यांत दिसला.

अहवाल घेऊन ते स्वतः वॉर्ड ऑफिसात गेले. कारकुनाने तो हातावर तोलून पाहिला.

"चौदा पानं! चार नंबरवाल्यांनी अर्धं पान दिलंय. याला म्हणतात सुरक्षितता." त्याने पहिल्या पानावर शिक्का मारला.

"तुम्ही जरा वाचून पाहा ना," पाक विदाग्दो कळवळून म्हणाले. "सातव्या पानावर..."

"तज्ज्ञाचं लिखाण मी काय तपासणार, पाक?" कारकून नम्रपणे म्हणाला आणि त्याने सातव्या पानावरही एक शिक्का मारला.

शेवटची आशा सरकारी दवाखाना. चढणाऱ्या सातही जणांना प्रकृतीचा दाखला आणायचा होता. डॉक्टर हेर्लिना तरुण आणि दक्ष होत्या. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला आणि भुवया उंचावल्या.

"रक्तदाब वाढलाय. नाडी एकशे दहा. पाक, तुम्हाला कसली भीती वाटतेय का? वाटत असेल तर सांगा, मी दाखला देणार नाही."

खोलीत तिसरं कोणी नव्हतं. पंखा फिरत होता. सुटका समोर खुर्ची टाकून बसली होती, तिला फक्त हो म्हणायचं होतं. पाक विदाग्दोंनी तोंड उघडलं, आणि दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या पाक गिमानांचं खाकरणं ऐकू आलं.

"छे, छे!" ते म्हणाले. "चालत आलो ना, म्हणून."

"मग ठीक," डॉक्टरांनी लिहिलं. "प्रकृती उत्तम. शुभेच्छा."

सतरा तारखेला झेंडावंदन झालं, पोत्यातल्या शर्यती झाल्या, टांगलेले पापड तोंडाने खायची शर्यत झाली. पाक विदाग्दोंना त्यातलं काहीही दिसलं नाही. त्यांना ते खोड दिसत होतं. वंगणाने ते काळं चकाकत होतं, आणि वर सायकल, पंखा, भात शिजवायचं विजेचं भांडं, बादल्या, सारोंग, नूडल्सची पाकिटं असं सगळं वाऱ्यावर हलत होतं. म्हणजे वर वारा होता.

"अजून वेळ आहे," मुर्नी कानाशी म्हणाली. "सांगता का?"

त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे तिलाही कळलं नाही.

थर सहा वेळा कोसळला. पाक विदाग्दो सहाही वेळा दुसऱ्या थराच्या वर गेले नव्हते, आणि दर वेळी चिखलात पडल्यावर त्यांना इतकं हायसं वाटे की उठावंसंच वाटत नसे. सातव्यांदा मात्र शास्त्राने दगा दिला, म्हणजे ते खरं ठरलं. खाली पाक गिमान आणि दोघे जण पाय फाकवून उभे राहिले. वरच्यांचे पाय मानेलगत आले. पोटं खोडाला चिकटली. गुरुत्वमध्य एकावर एक, एका रेषेत बसले, आणि पाक विदाग्दो एकेका पाठीवरून, एकेका कानाला धरून वर वर गेले. अख्खं मैदान ओरडत होतं. ते मात्र तळव्यांखालची थरथर ऐकत होते. सगळा मनोरा पायथ्यापासून थरथरत होता. थकलेला स्नायू सेकंदाला आठ-दहा वेळा थरथरतो, त्यांनी मनात म्हटलं, एवढंच आहे, घाबरायचं कारण नाही. तेगुहच्या खांद्यावर उभं राहून त्यांनी हात लांब केले आणि बांबूचं चक्र त्यांच्या हाताला लागलं.

त्याच क्षणी खाली कोणाचा तरी पाय घसरला. खांदे निघून गेले. खालचे सहा जण चिखलात पडल्याचा एकच मोठा आवाज झाला. पाक विदाग्दो चक्रात एक कोपर आणि एक पाय अडकवून, डोळे मिटून, पोफळीला मिठी मारून राहिले.

मैदान वेडं झालं. पाच वर्षांत पहिल्यांदाच तीन नंबरचा माणूस वर पोहोचला होता!

"टाका, पाक, टाका! आधी सायकल!"

"भाताचं भांडं! ते डाव्या हाताला!"

"अहो, नुसतं सोडा, आम्ही झेलतो!"

सोडा. हा शब्द त्यांना ऐकू आला आणि त्यांनी मिठी आणखी आवळली. खोड डुलत होतं. बुडाशी एक बोट हललं तर टोकाशी हातभर हलतं, हे त्यांनी बावीस वर्षं फळ्यावर शिकवलं होतं आणि आज पहिल्यांदा त्यांना ते कळलं. एक डोळा किलकिला केला तर सायकलच्या चाकातून दूरवर खाली लोकांची डोकी दिसली, शेंगदाण्यांएवढी. चव्वेचाळीस, चव्वेचाळीस, असं त्यांचं काळीज वाजत होतं. आपण इथेच मरणार, आणि बायकोने दिलेली नवी चड्डी वंगणाने खराब होणार, असे दोन विचार त्यांच्या मनात आले, आणि दोन्हींनी सारखंच रडू आलं.

"पाक विदाग्दो!" पाक सिरेगार कर्ण्यातून ओरडले. "काय झालं? हात रिकामे करा की!"

पाक विदाग्दो हसले. मान खाली घालून, सवयीने, तिथे पंचवीस फुटांवर. ते कोणाला दिसलंच नाही.

मग गर्दीतून मुर्नी पुढे आली. चिखलात चपला रुतल्या त्या तिने तिथेच सोडल्या आणि खोडाच्या बुडाशी उभी राहून ती सगळा शिष्टाचार सोडून ओरडली, "अहो, आता तरी सांगा!"

वरून एक आवाज आला, जो आळीत कोणीही कधी ऐकला नव्हता.

"मला भीती वाटते!" पाक विदाग्दो किंचाळले. "उंचीची! लहानपणापासून! मला वर यायचंच नव्हतं! सायकल गेली खड्ड्यात! मला खाली घ्या!"

कर्ण्यातून नुसती खरखर येत राहिली. चार नंबरच्या आळीतल्या कोणीतरी फिसकन हसायला सुरुवात केली, पण बू पार्तींनी त्याच्याकडे असं बघितलं की ते हसू तिथेच विरलं.

"मलाही वाटते," खालून एक जाड आवाज आला. पाक गिमान चिखलात बसले होते आणि वर बघत होते. "दर वर्षी. सगळे डोक्यावर पडतील आणि मान मोडेल म्हणून. पाच वर्षं माझे पाय लटपटतात. वाटलं, एकशे चार किलोच्या माणसाने कसं सांगायचं?"

"तो माझा पाय घसरला," तेगुह हळूच म्हणाला. "घसरला नाही, मी काढला. मला वाटलं, आता आपण पडणार."

एकेक जण बोलू लागला. मनोऱ्यातली ती थरथर थकव्याची नव्हती. सहाही जण भीतीने कापत होते आणि प्रत्येक जण खालच्याला दमलेला समजत होता. पाक विदाग्दोंनी वरून ऐकलं, आणि बावीस वर्षांच्या शास्त्राला एवढी साधी गोष्ट सुटली याचं त्यांना त्या अवस्थेतही वैषम्य वाटलं.

"आणि तुम्ही?" मुर्नीने पाक सिरेगारांना विचारलं.

पाक सिरेगारांनी कर्णा खाली केला. "मी?" ते म्हणाले. "बू मुर्नी, मी प्रमुख कशाला झालो? प्रमुखाला चढावं लागत नाही."

मग त्यांनी कर्णा बू पार्तींच्या हातात दिला, शर्ट काढला आणि ते पाक गिमानांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

आळीच्या इतिहासात बक्षिसासाठी मनोरे लागले होते, माणूस उतरवण्यासाठी पहिल्यांदाच लागला. कोणी गुरुत्वमध्याचं नाव काढलं नाही. "मी घाबरलोय, माझा घोटा घट्ट धरा," तेगुह म्हणाला, आणि खालच्याने धरला. "माझी मान सांभाळ रे," दुसरा म्हणाला. "माझे गुडघे वाकतायत, सगळे जवळ या!" पाक गिमान ओरडले, आणि सगळे जवळ आले. आळीतले आणखी दहा-बारा जण येऊन पायथ्याला टेकले. मनोरा पहिल्याच प्रयत्नात सरळ उभा राहिला. चार नंबरचे लोकही तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"पाक, मी तुमच्या पायाखाली आलो," तेगुहचा आवाज आला. "पाय सोडा. मीही कापतोय, पण आहे मी."

पाक विदाग्दोंनी एक पाय सोडला. मग दुसरा. मग, फार वेळाने, एकेक बोट. बक्षिसं त्यांच्या कानाशी खुळखुळत होती, त्यांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. एकेका खांद्यावरून, एकेका डोक्याला धरून ते खाली आले आणि चिखलात उभे राहिले. त्यांचे गुडघे वाकले होते. मुर्नीने भर मैदानात त्यांचा हात धरला आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

तेवढ्यात तीन नंबरची वेळ संपल्याची शिट्टी झाली. चार नंबरवाले वर गेले आणि सायकल, पंखा, भांडं सगळं घेऊन आले. घंटी मात्र त्यांनी वाजवली नाही.

सोमवारी पाक सिरेगार स्पर्धेचा तक्ता भरून वॉर्ड ऑफिसात गेले. 'पोफळीवरून खाली आणलेल्या वस्तू' असा त्यात एक रकाना होता आणि त्यांनी तो कोरा सोडला होता. कोरा रकाना चालत नाही, कारकून म्हणाला, काहीतरी लिहावंच लागेल. पाक सिरेगारांनी थोडा विचार केला, कारकुनाचं पेन घेतलं आणि आपल्या मोठ्या, रांगड्या अक्षरात लिहिलं: 'प्राध्यापक. एक नग. सुस्थितीत.'

कारकुनाने न वाचता शिक्का मारला.